बंद पडलं की भाव चढतो

एखादी वस्तू चांगली होती हे कळायला ती आधी बंद पडावी लागते. दुकानात सरळ मिळत असते तोवर आपण तिच्या खोड्या काढतो, 'दिवाळीत बघू' म्हणून पुढे ढकलतो, आणि शेजाऱ्याने घेतलीच तर 'ॲव्हरेज काय देते?' असं विचारून त्याचा आनंद निम्मा करतो. कंपनीने उत्पादन थांबवलं की तीच वस्तू रातोरात थोर होते. माणसाचं शोकसभेत जे होतं, ते वस्तूचं शोरूम बंद झाल्यावर होतं. फरक एवढाच, की शोकसभेत कुणी खिशात हात घालत नाही.

हे शास्त्र मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. बेलापूरच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला जाता-येता ते आपसूक पदरात पडलं.

दिवाळे हे पनवेल खाडीकाठचं कोळ्यांचं जुनं गाव. १९७० साली सिडको आली आणि तिने गावाच्या चारी बाजूंनी शहर उभं केलं. आता एका अंगाला बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, जवळच महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय आणि त्याच्या आवारातला उंच तिरंगा, पलीकडे पामबीच रोडवर सुसाट सुटलेल्या गाड्या. मधे हे गाव आपल्या होड्या, जाळी आणि मासळी बाजार सांभाळून बसलंय. गावात ताडपत्री दोनच गोष्टींवर दिसते. पावसाळ्यात होडीवर, आणि बारा महिने आरएक्स हंड्रेडवर.

यामाहा आरएक्स १००. नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने जपानच्या यामाहाबरोबर ती भारतात आणली आणि मार्च १९९६ मध्ये ती बनायची थांबली. उणंपुरं साडेदहा वर्षांचं आयुष्य. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर, पुढे-मागे ड्रम ब्रेक, बटणस्टार्ट नाही, वजन शंभर किलोच्या आसपास. नुसता कागद वाचला तर यात भाव खाण्यासारखं काही नाही. पण नवी मुंबईतल्या आगरी-कोळी पोरांसमोर असं बोलून बघा. मासळी तर सोडाच, गावात पाणीसुद्धा मिळायचं नाही.

गंमत अशी, की सर्वांत शेवटी बनलेली आरएक्सही आता तिशीला आली, आणि तिच्यावर जीव टाकणारा पोरगा असतो बावीस वर्षांचा. गाडी बंद झाल्यानंतर सात-आठ वर्षांनी जन्मलेला हा इसम मला, म्हणजे ती गाडी शोरूमच्या काचेतून बघत कॉलेजात गेलेल्या माणसाला, गंभीरपणे सांगतो, "काका, आता तशी गाडी बनत नाही." मी मान डोलावतो. ज्याने पाहिलेलं नाही त्याची श्रद्धा नेहमीच जास्त घट्ट असते.

या गाडीचा सौदा एकदा तरी बघावा. घेणारा आलेला असतो डोंबिवलीहून नाहीतर पनवेलहून, बरोबर एक 'जाणकार' मित्र घेऊन. तो आल्या आल्या म्हणतो, "सहज बघायला आलो होतो." विकणारा म्हणतो, "द्यायचीच नाय आपल्याला." दोघंही खोटं बोलतायत हे दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे वातावरण मोकळं होतं. ताडपत्री निघते. खाली चादर असते, तीही निघते. मोरपिशी निळ्या टाकीवर खाडीकाठची सकाळ पडते आणि डोंबिवलीकराचा घसा कोरडा पडतो. जाणकार मित्र उकिडवा बसून मडगार्डवर टिचक्या मारतो. पत्रा जाड वाजला की म्हणतो, "ओरिजिनल." मग मोबाइलचा दिवा लावून इंजिनाच्या खालच्या बाजूला काहीतरी वाचायचा प्रयत्न करतो, कारण तिथे 'मेड इन जपान' असा शिक्का असला तर किमतीचं गणितच बदलतं.

सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आले आणि त्या इथे जोडल्या गेल्या. त्या मोजक्याच होत्या. पण आजच्या बाजारात प्रत्येक दुसरा मालक 'जपान इंजिन' म्हणून सांगतो. हे सगळं खरं मानलं, तर जपान त्या काळात दुसरं काही बनवतच नव्हता असं मानावं लागेल.

"चालू करून दाखवता का?" हा पुढचा प्रश्न. पहिल्या किकला गाडी ढिम्म. "आठवडाभर काढली नाय," विकणारा म्हणतो. दुसऱ्या किकला ती खोकते. तिसऱ्या किकला 'टिंग-टिंग-टिंग' सुरू होतं, निळसर धूर अंगणभर पसरतो आणि त्या धुरात तीन पुरुष डोळे मिटून, ठसकत, हसत उभे राहतात. मग आकडा निघतो. तो कधीच सरळ सांगितला जात नाही. "मागं एक आलता, दीड देत व्हता, मीच नाय बोललो." दीड म्हणजे दीड लाख. मूळ किंमत, १९८६ सालची, विसाच्या आत. वीस हजारांच्या.

डोंबिवलीकर "कळवतो" म्हणून जातो. तो कळवणार हे नक्की, कारण जाताना त्याने तीनदा मागे वळून पाहिलेलं असतं.

आता सवाल असा, की बंद पडलेल्या वस्तूला इतका भाव का? पुस्तकी उत्तर सोपं आहे: माल मर्यादित, मागणी अमर्याद. नव्या गाड्या येणार नाहीत. अपघात, गंज आणि भंगारवाला मिळून जुन्या कमी करत राहणार. पण हे उत्तर अर्धवट आहे. बंद तर पुष्कळ वस्तू पडल्या. त्या सगळ्यांना कुठे भाव आला?

ऐंशीच्या दशकात जपानच्या साथीने आलेल्या शंभर सीसीच्या गाड्या चार होत्या. इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, बजाजची कावासाकी केबी १०० आणि ही आरएक्स. यातली सर्वांत गुणी, सर्वांत समंजस गाडी म्हणाल तर सीडी १००. फोर-स्ट्रोक, पेट्रोल पिण्यात संयमी, आवाज मवाळ, तक्रार नाही. बापाने मुलीसाठी स्थळ शोधताना ज्या गोष्टी बघाव्यात त्या सगळ्या तिच्यात होत्या. तीही बंद पडली. आज तिच्यासाठी कुणी डोंबिवलीहून येतं का? नाही. कारण तिचं काम स्प्लेंडरने हातात घेतलं आणि अजून चालू ठेवलंय. आरएक्सचं काम कुणीच हातात घेतलं नाही. आजची स्प्लेंडर ९७ सीसीची, आठेक हॉर्सपॉवरची, ११२ किलोची. आरएक्स तेवढ्याच इंजिनात अकरा घोडे काढायची आणि वजनाने हलकी. ताकद हवी म्हणून मोठी गाडी घ्यावी तर क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. म्हणजे जवळजवळ दोन आरएक्स. दिवाळ्याच्या गल्लीत दोन घरांच्या मधून, वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांना धक्का न लावता ती वळवून दाखवा म्हणजे कळेल.

म्हणजे खरी गोम अशी: वस्तू बंद पडून भाव येत नाही. तिची जागा रिकामी राहिली तर येतो. आणि ती जागा बहुतेक वेळा रिकामी राहते लहान आणि हलक्या वस्तूंची. कंपन्यांना दरवर्षी काहीतरी वाढवून दाखवावं लागतं. इंजिन वाढवता येतं, टाकी वाढवता येते, किंमत तर हमखास वाढवता येते. 'यंदा आम्ही काहीही वाढवलेलं नाही' अशी जाहिरात करायची छाती कुणाची?

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत रायफलवर बसवायच्या दुर्बिणींचं हेच झालंय. ओरेगॉन राज्यातली ल्युपोल्ड कंपनी अडीचपट मोठं दाखवणारी आखूड दुर्बीण बनवायची. लांबीला वीतभर, वजनाला दोनशे ग्रॅमच्या आत. दिवसभर रानात बंदूक वागवणाऱ्या शिकाऱ्याला याहून काय हवं? पण पुढे शर्यत लागली. दुर्बिणीची नळी इंचावरून तीस मिलिमीटर झाली, मग चौतीस. समोरचं भिंग वाटीएवढं झालं. वीसपट, पंचवीसपट मोठं दाखवायची चढाओढ सुरू झाली आणि दुर्बीण किलोच्या घरात गेली. हलक्या रायफलीवर ती चढवली की बंदुकीवर दुर्बीण लावलीय की दुर्बिणीखाली बंदूक, हे कळेनासं होतं. छोट्या दुर्बिणी यादीतून गळाल्या आणि लगेच जुन्या बाजारात मूळ किमतीच्या वर विकल्या जाऊ लागल्या. नवीन होती तेव्हा 'फक्त अडीचपटच?' म्हणून नाक मुरडणारे आता तिच्या नळीवरचे ओरखडे मोजत भाव करतात.

आपल्याला त्या दुर्बिणीचा उपयोग शून्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचे हेलपाटे ठेवले. नेमबाजीत म्हणाल, तर कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं ते मोठं दाखवणारी दुर्बीण न लावताच; त्या प्रकारात ती चालत नाही. पण दुर्बीण असो की दुचाकी, माणसाचं दुखणं एकच.

या दुखण्याचं सर्वांत नेमकं निदान मला दिवाळ्याच्या मासळी बाजारात मिळालं. ज्या अंगणात तो सौदा चालतो, तिथल्या पोराची आजी बाजारात बसते. समोर कोळंबी, शिंगाळा, बोय, एका बाजूला टोपलीत चिंबोऱ्या. मी जिताड्याचा भाव विचारला आणि ऐकून मागे सरलो.

"मावशी, एवढा?"

"मिलत नाय दादा आता खाडीत."

"पूर्वी तर ढिगाने असायचा."

"व्हता ना. तवा कोन इचारीत व्हता? मिलतंय तवर मोल नाय. मिलंनासा जाला का समद्यांना तोच पायजे."

एवढं बोलून तिने कोळंबी तागडीत टाकली. अर्थशास्त्राला नोबेल देणाऱ्या मंडळींची दिवाळ्याला एक खेप व्हायला हरकत नाही.

मासळीवाल्यांना हे दरवर्षी दिसतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी, की भाव आभाळाला. श्रावणाच्या आसपास बोटी पुन्हा निघतात, पण तोवर गिऱ्हाइकाने उपास धरलेले असतात, हा भाग वेगळा. पापलेटचं उदाहरण घ्या. ते भरपूर मिळत होतं तेव्हा सरकारला त्याची आठवण नव्हती. पार रोडावलं, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला 'राज्य मासा' घोषित केलं. आपल्याकडे पद आणि पापलेट दोन्ही उशिराच ताटात पडतात.

थोडं मागे गेलं तर आपली पिढीजात सवयच दिसते. बजाजची चेतक आकुर्डीला धडाधड बनत होती, तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याला आधी मिळे तो ती 'ऑन'मध्ये, म्हणजे वर पैसे घेऊन, विकून टाके. तेव्हा स्कूटर अजून मिळत नाही म्हणून जास्त पैसे दिले. आता ती जुनी स्कूटर मिळायची बंद झाली म्हणून जास्त देतो. मधली काही वर्षं ती शोरूममध्ये नुसती उभी होती, हप्त्यांवर मिळत होती, वर हेल्मेट फुकट होतं. तेव्हा मात्र आम्ही सगळे कुठे होतो कोण जाणे.

आणि आरएक्सच्या भक्तांना अवघड वाटेल, पण ती बंद पडली ते योग्य कारणाने पडली. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं पेट्रोल आत येतं तेव्हाच जळका धूर बाहेर जात असतो, त्यामुळे न जळलेलं पेट्रोलही थोडं धुराबरोबर निसटतं. शिवाय वंगणाचं तेलही जळतं. हाच तो निळा धूर आणि हाच तो 'सुगंध'. १९९६ साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्यात हे इंजिन बसेना. किल्ला जंक्शनच्या सिग्नलला आरएक्सच्या मागे उभं राहिलं की कायदा करणाऱ्यांबद्दलचा आदर आपोआप वाढतो. यामाहाच्या इथल्या प्रमुखांनी २०२२ मध्ये आरएक्स १०० हे नाव परत आणायचा मनोदय सांगितला; पण नव्या नियमांत जुनी गंमत साधायची तर इंजिन मोठं लागणार. म्हणजे पुन्हा तेच, वाढवा! गावातल्या पोरांनी ही बातमी ऐकली आणि जुनीची किंमत कमी करायच्याऐवजी वाढवली. "नवीन आली का जुनीला अजून भाव येनार काका." या तर्कापुढे मी हात टेकले.

आता खर्चाची बाजू. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी केंद्राने २०२५ मध्ये २,००० रुपये केली. २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी सक्तीची, तिचे दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. एकोणीसशे शहाऐंशीच्या गाडीवर दोन हजार पंचवीसची पाटी म्हणजे नऊवारीवर गॉगल, पण करता काय. 'ओरिजिनल' सायलेन्सरसाठी ऑपेरा हाउसची दुकानं पालथी घालायची, तिथे नाही मिळाला तर शुक्रवारी चोर बाजार, तिथेही नाही तर पुण्याचा जुना बाजार. सायलेन्सर बदलून आवाज वाढवला तर पोलीस तो काढून रोडरोलरखाली घालतात, म्हणजे पुन्हा ऑपेरा हाउस.

इतकं करून पोरगा मला समजावतो, "काका, ही इन्व्हेस्टमेंट हाय. आज्याने विसाच्या आत घेतली, आता दीड लाख!"

आजी कोळंबी सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "मी तवाच बोल्ले व्हते, सोना घ्या."

हे वाक्य ऐकून मी घरी येऊन हिशोब मांडला. १९८६ मध्ये दहा ग्रॅम सोनं होतं दोन हजारांच्या थोडं वर. गाडीच्या पैशात आठ तोळे सहज आलं असतं. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाख ओलांडले. म्हणजे आज आजीच्या गळ्यात आठ लाखांच्या वर ऐवज असता, आणि त्याला ताडपत्री, किक, पाटी, सायलेन्सर काही लागलं नसतं. सोनं बाजूला ठेवा. आयकर खातं नफा मोजायला जो महागाई निर्देशांक वापरतं, त्याच्या हिशोबाने तेव्हाचा रुपया आजच्या साधारण साडेअकरा रुपयांएवढा. गाडी अठरा हजारांची धरली, तर त्याचे सुमारे दोन लाख सात हजार होतात. दीड लाखाला विकली तर आज्याचा तोटाच झाला.

थोडक्यात, आरएक्सचा भाव चढलेला नाही. तिच्या बरोबरीच्या गाड्या किलोवर भंगारात गेल्या, आणि ही तेवढी खाली आली नाही, एवढंच. चढलेली आहे ती फक्त आपली हळहळ, आणि तिचा निर्देशांक अजून कुणी काढलेला नाही.

म्हणून वाचकहो, सरळ सांगतो. बंद पडलेली वस्तू रोज वापरायची हौस असेल, धुरासकट आणि तीन किकांसकट, तर जरूर घ्या. तसली दुसरी खरोखरच मिळत नाही. नफ्यासाठी घेणार असाल तर आजीचं ऐका. आणि आज दुकानात जे चांगलं, लहान, हलकं आणि स्वस्त मिळतंय, ते 'दिवाळीत बघू' म्हणू नका. आजच घेऊन टाका.